दोन दिनार आणि एक उतारशाळा

दृष्टान्त हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले, तेव्हा त्या ‘दृष्टान्तपाठा’त त्यांनी आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक अशी मांडणी ठेवली. हत्तीला चाचपून पाहणारे आंधळे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. ती कथा संपली की तिचे मर्म उलगडून दाखविणारे दार्ष्टान्तिक तेथे हजर असते. येशू ख्रिस्ताच्या दृष्टान्तांचे तसे नाही. पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा अर्थ त्याने शिष्यांना सांगितला, पण असे अपवाद थोडे. एरवी कथा मध्येच थांबते आणि दार्ष्टान्तिक ऐकणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातून भरावयाचे असते.

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात आलेला दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त घ्या. एक शास्त्री विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ उत्तरादाखल येशू एक वाट दाखवितो. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी ही वाट सुमारे 27 किलोमीटरांची; डोंगरमाथ्यावरील नगरातून ती समुद्रसपाटीच्याही खाली उतरते, आणि दरोडेखोरांना लपावयास तिच्या कडेला जागा पुष्कळ. तेथे एक प्रवासी लुटला जातो आणि अर्धमेला होऊन पडतो. याजक येतो, बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही जातो. मग येतो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुदी व्यवहारही टाळीत असत असा माणूस. तो जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. कथा सांगून झाल्यावर येशू शास्त्र्यालाच विचारतो, ‘ह्या तिघांपैकी कोण त्याचा शेजारी झाला?’ ‘शेजारी कोण’ ह्या प्रश्नाचे ‘शेजारी कोण झाला’ असे रूपांतर होते, आणि शास्त्र्याच्या हातातील मोजपट्टी त्याच्याच खांद्याला लागते.

इतके विवेचन पुष्कळ प्रवचनांतून आपण ऐकले असेल. माझे मन मात्र ह्या कथेतील दुसऱ्या दिवसाशी घोटाळत राहते. सकाळी शोमरोनी निघतो, तेव्हा उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार ठेवतो आणि सांगतो की ह्याची काळजी घे. अधिक खर्च झाला तर परत येताना मी तो फेडीन. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; हे माप द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तात येशूनेच दिलेले आहे. तेव्हा रक्कम मोठी नाही. मोठी आहे ती उघडी ठेवलेली खातेवही. जखम पाहून कळवळणे हे रस्त्यावर घडले. आपण तेथे नसतानाही जखमी माणसाची सोय चालू राहावी, ही दूरदृष्टी सकाळची.

हा विचार मला चेन्नईत सुचला, आणि त्याचे कारण एक पूल आहे. अड्यार नदीवर सैदापेटला आज मरैमलै अडिगळ ह्यांच्या नावाचा पूल आहे, तो 1966 मधला. त्याच्या आधी तेथे मार्मलाँग पूल होता. तो 1726 साली खोजा पेत्रूस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने स्वखर्चाने बांधविला. सेंट थॉमस माउंटकडे जाणाऱ्या भाविकांना पावसाळ्यात नदी अडवीत असे. पुलाला 30,000 होन लागले असे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद: पुलाच्या डागडुजीसाठी उस्कानने वेगळी रक्कम लावून दिली होती. बांधणाऱ्याचे नाव कोरले जाते, डागडुजीचे कोणी कोरीत नाही. मी त्या रकमेला मनातल्या मनात दोन दिनार म्हणतो.

आपल्या मराठी श्रोत्यांना ह्याहून जवळचे उदाहरण तंजावरचे आहे. दुसरे सरफोजीराजे तरुणपणी काही काळ मद्रासला राहिले होते. गेरिके ह्या जर्मन पाद्र्यांनी तेथे त्यांना शिकविले. श्वार्ट्झ ह्या पाद्र्यांना तर ते पितृस्थानी मानीत, आणि तरीही अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांची छत्रे होती. सरफोजीराजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटाला पाठविलेल्या पत्रात त्यांचे वर्णन आहे. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेले अन्न मिळे आणि आजाऱ्याला बरा होईपर्यंत औषध व पथ्य. ही प्रथा राजांच्याही आधीची होती, तेव्हा पाद्र्यांकडून ती आली असे कोणी समजू नये. शुभवर्तमानातील उतारशाळा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर जे छत्र उभे राहते ते मात्र तंजावरचेच असते.

आणि मग 2015 सालचा डिसेंबर. 1 तारखेच्या रात्री चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी सोडले गेले, अड्यार फुगली, सैदापेट आणि कोट्टूरपुरम बुडाले. समुद्रकाठचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन शहराच्या रस्त्यांत शिरले आणि त्यांनी घराघरांतून माणसे बाहेर काढली. ज्यांच्या अंगाच्या मासळीच्या वासाने एरवी नाक मुरडले जाते, त्यांचाच हात धरून कित्येक जण होडीत चढले. मंदिरे, मशिदी, चर्च सर्वांनी दारे उघडली. दृष्टान्ताचा पहिला दिवस त्या आठवड्यात चेन्नईने अक्षरशः जगून दाखविला, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवसाविषयी असे सहज म्हणता येत नाही. अड्यारच्या काठावरच्या झोपड्यांतील अनेक कुटुंबांना नंतर शहराच्या टोकाला, पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत हलविण्यात आले. नदीचा धोका टळला. पण ज्या घरांत भांडी घासून आणि ज्या गल्ल्यांत भाजी विकून ती कुटुंबे जगत होती, त्या मैलोगणती दूर राहिल्या. त्यांना होडीत घेणारे हात होते. उतारशाळेतील हिशेब पुढे कोणी चालू ठेवावयाचा, हा प्रश्न नगरपालक, चर्च, मंडळे आणि माझ्यासारखे वर्गणी देऊन मोकळे होणारे नागरिक ह्या सर्वांपुढे आहे.

ह्या कथेत आणखी एक माणूस आहे. त्याच्यावर प्रवचन झालेले मी क्वचितच ऐकले. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. एका शोमरोन्याच्या केवळ शब्दावर, दोन दिनारांच्या पलीकडचा खर्च त्याने अंगावर घ्यावा अशी अपेक्षा आहे. त्याने होकार दिला की नाही, जखमी माणूस बरा झाला की नाही, शोमरोनी परत आला की नाही, ह्यांतले लूक काहीच लिहीत नाही.