‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : मुक्त संगणकप्रणालीच्या देखभालीतील एक प्रकरण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर या गावाहून पश्चिमेकडे निघाले की भंडारदरा लागते. या ग्रामनामाला विभक्तिप्रत्यय लागताच त्याचे सामान्यरूप ‘भंडारदऱ्या-’ असे होते. म्हणजे १९२६ साली पूर्ण झालेल्या तेथील धरणाविषयी मराठीत चार वाक्ये लिहावयाची, तर ‘ऱ्य’ हे जोडाक्षर टाळता येत नाही. हे एक जोडाक्षर संगणकावर नीट उमटावे, शोधले जावे आणि क्रमवारीत योग्य जागी बसावे, यासाठी मुक्तस्रोत प्रणालींमध्ये जे दुरुस्तीचे काम अखंड चालते, त्याचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम भाषिक बाजू. ‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’. समुद्रवाचक ‘दर्या’ हा शब्द फारसीतून आलेला. पहिल्यात ‘र’ हा पुढील ‘या’ला चिकटतो आणि मागील ‘द’ लघु राहतो. दुसऱ्यात ‘र’ मागील अक्षराला मिळून ‘दर्’ हे गुरू अक्षर सिद्ध होते. ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ ही शालेय व्याकरणातील जोडी याच जातीची. ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ यांतही हाच ‘र’ आढळतो. हिंदी लेखनाला या भेदाची गरज पडत नाही. देवनागरी म्हणजे हिंदीची लिपी, अशा समजुतीने रचलेली आज्ञावली त्यामुळे मराठीपाशी येऊन अडखळते.

लिनुस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिनक्सची घोषणा केली. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचावयास व सुधारावयास खुला असतो. अशा प्रणालीत नव्या सोयींचा गाजावाजा होतो खरा, पण श्रमाचा मोठा वाटा लहानसहान दोष काढण्यातच खर्ची पडतो. कोणी दोषाची नोंद करतो. तो दोष पुन्हा घडवून पाहिला जातो. मग तो कोणत्या घटकाचा, हे ठरते. ही शेवटची पायरी सर्वांत बिकट. ‘भंडारदऱ्याचे’ हा शब्द पडद्यावर चुकीचा दिसला, तर दोष कळफलकाच्या आराखड्यात असेल, संकेतांकांत असेल, अक्षरजुळणी करणाऱ्या ‘हार्फबझ’मध्ये असेल, किंवा ‘लोहित’सारख्या अक्षरसंचात असेल. (‘हार्फबझ’ हे नाव फारसी ‘हर्फ’वरून आलेले आहे, मराठीतला ‘हरफ’ तोच.) वाचकाला मात्र दिसते ती केवळ अंतिम आकृती. दुरुस्ती भलत्याच थरात केली गेली, तर ‘दऱ्या’ सुधारतात आणि ‘वर्ष’ बिघडते. म्हणूनच हार्फबझच्या मूळ मजकुरासोबत चाचणीच्या शब्दांचा मोठा संग्रह ठेवलेला असतो, आणि प्रत्येक बदलानंतर तो सगळा पुन्हा जुळवून पाहिला जातो.

या प्रकरणातील खरी गुंतागुंत संकेतांकांत आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यास हलन्तचिन्ह व पुढे ‘य’. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हा ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्तचिन्ह, एक अदृश्य सांधकचिन्ह व मग ‘य’. ही दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून कायम ठेवण्यात आली. कागदावर दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात.

याचे परिणाम केवळ लेखनसौष्ठवापुरते नाहीत. राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अशा कोणत्याही कार्यालयाच्या यादीत ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव एका लिपिकाने एका रीतीने व दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकलिखित केले असे समजा. शोध घेणाऱ्यास निम्मीच माणसे सापडतील, आणि जे नाव सापडले नाही त्याचा लाभही अडून राहील. शिवाय युनिकोडच्या मूलभूत क्रमनियमांत ते अदृश्य चिन्ह जमेस धरले जात नाही. तेव्हा त्या नियमाने चालणाऱ्या शोधात दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्रवाचक ‘दर्या’ एकच ठरतात! दोहोंपैकी एक रीत रद्द करणे हा सरळ उपाय वाटेल. परंतु तसे केल्यास आधी लिहिलेला मजकूर निकामी होईल. सबब दोन्ही रीती सारख्याच दाखवणे व शोधाच्या वेळी त्यांना एक मानणे, एवढेच देखभाल करणाऱ्यांच्या हाती उरते.

क्रमवारीची गोष्टही अशीच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ही व्यवस्था ज्या आज्ञासंचाकडे असते, त्या ‘जीलिबसी’ची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली आणि तीत अनेक भाषांचे क्रमनियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. बदल योग्यच होता. परंतु ‘पोस्टग्रेस’ या माहितीसंग्राहक आज्ञावलीतील सूच्या जुन्या क्रमाने रचलेल्या होत्या. त्या पुन्हा बांधीपर्यंत साठ्यात असलेल्या नोंदीही सापडेनात. सुधारणेनेच नुकसान होते ते असे.

या अनुभवापोटीच लिनक्सच्या गाभ्याच्या स्थिर आवृत्त्यांसाठी कडक नियम केलेले आहेत. दुरुस्ती मुख्य प्रवाहात आधीच स्वीकारलेली असावी, आणि आजूबाजूच्या संदर्भासह शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी. नुसते शुद्धलेखन सुधारणारा बदल तेथे घेतलाच जात नाही. भाषेच्या अभ्यासकास हे काहीसे बोचेल, पण नियमामागचे कारण उघड आहे.

कित्येकदा आज्ञावलीत काहीच बिघडलेले नसते; जग बदललेले असते. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जगातील प्रमाणवेळांच्या मुक्त कोशात ‘आशिया/कॅलकटा’चे ‘आशिया/कोलकाता’ झाले, तेव्हा जुने नाव पुसले गेले नाही. ते पर्यायी नाव म्हणून जोडून ठेवण्यात आले, आणि ते वापरणाऱ्या जुन्या आज्ञावल्या आजही चालतात.