हात लागलेलं पिल्लू

आमची लेक तेव्हा दुसरीत होती. ब्लॉकखाली सायकली ठेवतात त्या जागेपाशी तिला बुलबुलाचं एक पिल्लू सापडलं. अंगावर पिसं आलेली, शेपूट मात्र जेमतेम अर्धा इंच, चोचीच्या दोन्ही कडांना पिवळी किनार. उडता धड येत नव्हतं, नुसतं टुणटुण उड्या मारत होतं. आसपास त्याची आई काही दिसेना. खाली मांजरं फिरतात हे ठाऊक होतं. मग काय, पिल्लू रुमालात गुंडाळलं आणि लिफ्टने थेट नवव्या मजल्यावर!

घरात एकच धांदल उडाली. बुटांचा खोका आला, कापूस आला, औषधाच्या ड्रॉपरने कोमट दूध पाजून झालं, दूधभात कुस्करून झाला. पिल्लू चोच मिटून बसलं की आम्ही ती बोटाने हळूच उघडायचो आणि थेंब थेंब पाणी सोडायचो. लेकीने त्याला चिकू असं नावही दिलं. रात्री तीनदा उठून आम्ही खोक्यात डोकावलो. पहाटे पिल्लू थंड पडलेलं होतं.

"आपण त्याला नीट भरवलं नाही का गं आई?" लेकीने विचारलं. आम्ही सांगितलं, ते आजारीच असणार. ते आजारी नव्हतं. त्याला आम्ही मारलं होतं, तेही अत्यंत मायेने. हे कळायला आम्हाला पुढची काही वर्षं आणि बरंच वाचन लागलं. मंडळातल्या चार घरांत अशीच हकिकत ऐकली तेव्हा वाटलं, एकदा लिहूनच टाकावं.

पहिली चूक दुधाची. पक्ष्यांना दूध पचत नाही. ते सस्तन प्राण्यांचं अन्न. दुसरी चूक पाण्याची, आणि बहुधा तीच जिवावर बेतली. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडतं. वरून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात उतरू शकतो. पिल्लाला वेगळं पाणी लागतच नाही, ते त्याला किड्यांतून आणि फळांतून मिळतं. तिसरी चूक म्हणजे आमचा आत्मविश्वास. बुलबुल नर-मादी दोघं मिळून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तासात कित्येक खेपा घालतात आणि अळ्या, कोळी, नाकतोडे पिल्लांच्या घशात कोंबतात. ते काम आम्ही नोकरी, शाळा आणि दूधभात यांच्या जोरावर करायला निघालो होतो!

पण सगळ्यात मोठी चूक लिफ्टचं बटण दाबण्याआधीच झाली होती. ते पिल्लू पोरकं नव्हतंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घरट्यातून बाहेर पडलेलं प्रत्येक पिल्लू 'पडलेलं' नसतं. बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची पिल्लं पुरतं उडता येण्याआधीच घरटं सोडतात. मग काही दिवस ती जमिनीवर, झुडपात, सायकलच्या सीटवर बसून ओरडत राहतात आणि आईबाप त्यांना तिथे येऊन भरवतात. उडण्याची ती शाळाच म्हणा ना. आपण जवळ उभे असलो की आईबाप येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं पिल्लू बेवारशी आहे. चांगलं वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन, खांबाआड उभं राहून तासभर बघितलं तर बहुतेक वेळा चोचीत काहीतरी घेऊन कुणीतरी येतंच. त्या शनिवारी आम्ही पाच मिनिटंही थांबलो नव्हतो.

नंतरच्या एका मार्चमध्ये बुलबुल आमच्याच घरी आले. बाल्कनीत कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. (सिंगापुरातल्या मराठी घरात तुळस एकवेळ नसेल, कढीपत्ता असतोच.) आपल्याकडचा बुलबुल लालबुड्या, इथला पिवळबुड्या, चेहरा पांढुरका, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ. माणसाची त्याला फारशी भीती नाही. कॉरिडॉरमधल्या कुंड्या, बाल्कनीतल्या वेली ही त्याची आवडती जागा. इथला शिंजीर तर याहून धीट, टांगलेल्या कुंडीला कोळ्याच्या जाळ्याने विणलेली पिशवी लटकावून मोकळा होतो.

त्या वेळी आजी सांगलीहून आल्या होत्या. घरट्यात पहिलं अंडं दिसताच त्यांनी फर्मान काढलं, "कुणी हात लावायचा नाही. माणसाचा हात लागला की पाखरं आपलंच पिल्लू टोचून मारतात." हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय. लेक आता मोठी झाली होती, पुस्तकं वाचत होती. ती म्हणाली, "आजी, ते खरं नसतं." आणि आजी-नातीत जुंपली.

खरं सांगायचं तर दोघींचंही थोडंथोडं बरोबर होतं. हाताच्या वासाने पक्षी पिल्लू टाकत नाहीत. हे लहान पक्षी आपलं पिल्लू ओळखतात आणि भरवतात ते मुख्यतः त्याच्या हाकेवरून आणि वासलेल्या चोचीवरून. पण अंडी उबवताना त्यांना पुन्हा पुन्हा त्रास झाला, तर आख्खं घरटं सोडून ते निघून जाऊ शकतात. आजीचं कारण चुकीचं, पण हुकूम योग्य. आम्ही बाल्कनीचं दार लावून घेतलं, कपडे खिडकीबाहेरच्या बांबूंवरच वाळत घातले आणि आमटीला कढीपत्ता टेक्काच्या बाजारातून विकत आणला. दारात झाड असून! आजींना ते फार लागलं.

अंडी तीन होती. साधारण बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर आली, गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली. पाचव्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस आणि वारा आला, कुंडी हलली आणि एक पिल्लू खाली फरशीवर. लेक उचलायला धावली, आजी ओरडल्या, "हात लावू नकोस गं, मारतील त्याला!"

असं उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल तर मात्र लांबून बघत राहायचं नाही. त्याला अंगची ऊब धरता येत नाही, त्याची जागा घरट्यातच. लेकीने हात धुतले, पिल्लू ओंजळीत धरून थोडं उबदार केलं आणि परत भावंडांत ठेवलं. घरटंच मोडलं असतं तर एखाद्या प्लॅस्टिकच्या वाडग्याला तळाशी भोकं पाडून, आत सुकी पानं घालून तो मूळ जागेशेजारी बांधला असता. आईबाप हाकेच्या दिशेने तिथे येतात.

आम्ही सगळे दाराच्या काचेआड. आजी सोफ्यावर, पण मान इकडेच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बुलबुल समोरच्या रेन ट्रीवर नुसता चिवचिवाट करत होता. लेकीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. चिकू तिला आठवत असणार, आम्हालाही आठवत होता. अर्ध्या तासाने मादी आली, चोचीत हिरवी अळी. तीन चोची वासल्या. तिने अळी कुणाला दिली ते काही कळलं नाही, पण टोचलं कुणालाच नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "सिंगापूरची पाखरं वेगळी असतील."

सगळ्याच वेळी असं सुखाने होत नाही. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू वरून धड दिसलं तरी धोक्यातच असतं, कारण मांजराच्या दातांतले जंतू त्याला पुरतात. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मुंग्या लागल्या असतील, किंवा आईबाप तासन्‌तास आलेच नाहीत, तर मदत हवीच. अशा वेळी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाशी मऊ कापड, झाकण बंद, अंधार आणि शांतता. भरवायचं काही नाही, पाजायचं काही नाही, आणि मुलांना दर पाच मिनिटांनी झाकण उघडू द्यायचं नाही. मग फोन करायचा. २०१९ च्या एप्रिलमध्ये एव्हीए बंद होऊन प्राण्यांचं काम नॅशनल पार्क्स बोर्डाकडे, म्हणजे एनपार्क्सकडे आलं. कुणाच्या फ्रीजवर अजून एव्हीएचा कागद असेल तर तो काढून टाका. २००१ साली सुरू झालेली एकर्स ही संस्थाही जखमी रानजीवांसाठी काम करते.

पिल्लू घरी वाढवू नये याला कायद्याचंही कारण आहे. १९६५ चा वन्य प्राणी आणि पक्षी कायदा २०२० मध्ये वन्यजीव कायदा या नावाने अधिक कडक झाला. परवानगीशिवाय रानपक्षी ठेवणं हा गुन्हा, आणि रानपक्ष्यांना दाणे टाकणं हाही. गावी गच्चीवर मूठभर तांदूळ टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे जड जातं. आजींना आम्ही रोज आठवण करून द्यायचो.

आणखी एक. बुलबुलासाठी हळहळणारे आपण कावळ्याच्या पिल्लाला मात्र हाकलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत बिशानमध्ये कावळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालत होते, त्याची मोठी बातमी झाली होती. पिल्लं खाली उतरली की कावळे असेच वागतात. त्या घरट्यातलं एखादं पिल्लू कोकिळेचंही निघू शकतं; इथेही कोकिळा कावळ्याच्याच घरट्यात अंडी घालते. आणि फूड कोर्टात टेबलावर येऊन नूडल्स पळवणारी ती काळी जावा साळुंकी? गेल्या शतकात पिंजऱ्यातली पाखरं म्हणून तिला इथे आणलं आणि ती इथलीच झाली. तिच्या मूळ बेटावर, जावावर, पकडापकडीमुळे ती इतकी कमी झाली आहे की जगातल्या असुरक्षित पक्ष्यांत तिची गणना होते. आपण सगळे बाहेरून आलेले लोक, तिला 'उपरी' म्हणताना जरा जपून!

बाराव्या दिवशी सकाळी घरट्याच्या काठावर दोनच पिल्लं दिसली. तिसरं कढीपत्त्याखाली बादलीमागे बसून ओरडत होतं, शेपूट अर्धा इंच. लेकीने दार उघडलं नाही. बापाने नवव्या मजल्याच्या कठड्यावर बसून त्याला तीन तास हाका मारल्या आणि दुपारी ते फडफडत, तिरकं तिरकं जात, समोरच्या रेन ट्रीमध्ये घुसलं. संध्याकाळपर्यंत घरटं रिकामं झालं होतं. फटफटणारं पिल्लू नेमकं तेच होतं का, जे फरशीवर पडलं होतं, हे सांगता येणार नाही. लेक म्हणते, तेच.

आजी एप्रिलमध्ये सांगलीला परतल्या. पोहोचल्याचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, "कढीपत्ता तोडायला लागलात की नाही?"