उन्हाविना हिरवे घर
सावलीतल्या गॅलरीसाठी कणखर फर्न

मुलुंडमध्ये जुन्या इमारती पाडून उंच टॉवर उभे राहू लागले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांची एक तक्रार सारखी कानावर येऊ लागली: “पूर्वी गॅलरीत ऊन यायचं, आता येत नाही.” आमच्या तळमजल्यावरच्या घराचेही तेच झाले. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कोकणातून येताना मेहंदीची फांदी आणली होती. तिच्या जोडीला गुलाब होता, मोगरा होता, सब्जा होता. समोरची इमारत सातव्या मजल्यापर्यंत चढली आणि मोगरा फुलायचा थांबला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मेहंदीही गेली. अम्मींनी रिकाम्या कुंड्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, “आता या घरात काही उगायचं नाही.”

अम्मींचे म्हणणे खरे नव्हते, पण ते समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. उगायचे नाही ते गुलाब आणि मेहंदी, कारण त्यांना चार-पाच तास थेट ऊन लागते. सावलीतच वाढणारी झाडेही अल्लाहने निर्माण केली आहेत, आणि त्यांतले सर्वांत देखणे घराणे फर्नचे आहे. मराठीत यांना ‘नेचे’ म्हणतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द तुम्ही वाचला असेल.

मुलुंडचेच पाहुणे

फर्न म्हणजे थंड हवेच्या ठिकाणचे महागडे झाड, असा आपला समज असतो. मुलुंड पश्चिमेच्या डोंगराकडे जुलैमध्ये नजर टाका. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पहिल्या पावसानंतर तिथल्या ओल्या दरडींवर काळ्या, चकचकीत देठांचा नाजूक ‘हंसराज’ पसरतो. मोठ्या झाडांच्या फांद्यांवर ‘बाशिंग’ नावाचा फर्न हिरवा होतो. त्याची बुडाजवळची तपकिरी, वाळकी पाने टोपलीसारखी पालापाचोळा धरून ठेवतात आणि त्याच कुजवटीवर त्याचे पोट भरते. जुन्या विटांच्या भिंतीत, चुन्याच्या सांध्यांत, गटाराच्या कडेलाही एखादा फर्न डोके वर काढतो. त्याला तिथे कोणी लावलेले नसते आणि कोणी पाणीही घालत नाही.

फर्नला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानाच्या मागे तपकिरी ठिपके येतात, त्यांत धुळीसारखे बारीक बीजाणू असतात आणि त्यांतून नवे रोप जन्मते. फुलझाडे पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून, 35 कोटींहून अधिक वर्षे, हे घराणे इथे नांदत आहे.

थंड देशांत जो फर्न बर्फ सोसतो त्याला कणखर म्हणतात. आपल्याकडे कसोटी वेगळी आहे. इथे फर्नला ऑक्टोबरचा उकाडा आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी काढाव्या लागतात. मार्चमध्ये पारा कधी कधी 38 अंशांच्या पुढे जातो. ते सोसेल तो आपला कणखर फर्न.

कोणता घ्यावा?

आधी जागा तपासा. दुपारी बारा वाजता दिवा न लावता त्या जागी वर्तमानपत्र वाचता येते का? येत असेल तर फर्न जगेल. तेवढाही उजेड नसेल तर कुंडी आलटून पालटून खिडकीशी आणावी लागेल.

पहिल्यांदाच लावणार असाल तर नेफ्रोलेपिस घ्या. नर्सरीत तो बोस्टन फर्न किंवा स्वोर्ड फर्न म्हणून मिळतो. तो चुका पोटात घालतो, भराभर वाढतो आणि टांगलेल्या कुंडीत छान दिसतो. बर्ड्स नेस्ट फर्नची पाने रुंद, अखंड आणि पोपटी असतात. त्याला पाणी मधल्या खोबणीत ओतू नये, कडेने मातीत द्यावे. बाशिंग नर्सरीत मिळाले तर लाकडाच्या ओंडक्यावर बांधून भिंतीला टांगता येते. हंसराज आणि नर्सरीतले त्याचे भाऊबंद, म्हणजे मेडनहेअर, सर्वांत सुंदर आणि सर्वांत हट्टी. एकदा माती कोरडी पडली की सगळी पाने करपतात. पण कुंडी लगेच फेकू नका. वाळलेली पाने कापा आणि माती किंचित ओली ठेवा. बहुतेक वेळा पावसाळ्यात नवे कोंब येतात.

नर्सरीत ‘शतावरी फर्न’ही दाखवतात. झाड चांगले आहे, पण तो फर्न नव्हे. त्याला फुले येतात आणि लाल फळेही धरतात.

माती आणि कुंडी

आमचा पहिला फर्न आम्हीच मारला. नुसत्या लाल मातीत लावला, हॉलमध्ये पंख्याखाली ठेवला आणि प्रेमापोटी दिवसातून तीनदा पाणी घातले. वरून पाने वाळली आणि खालून मुळे कुजली.

फर्नची मुळे बारीक आणि उथळ असतात, त्यांना भुसभुशीत माती हवी. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेल्या पाल्याचे किंवा गांडूळखत आणि वरून मूठभर विटांचे व कोळशाचे तुकडे, एवढे पुरे. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी आणि तळाला भोक हवेच. पंख्याचा झोत आणि एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा यांपासून कुंडी लांब ठेवा. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्यांच्याभोवतीची हवा थोडी दमट राहते.

वुजूचे पाणी

फर्नला ओल हवी, चिखल नको. बोट मातीत पेरभर खुपसा. ओलसर लागले तर थांबा, कोरडे लागले तर घाला. उन्हाळ्यात रोज घालावे लागेल, पावसाळ्यात कदाचित चार दिवस लागणार नाही.

हे पाणी आपल्या घरात दिवसातून पाच वेळा तयार होते. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत असत, असे बुखारी शरीफमधील हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण पाऊण ते एक लिटर. नळाखाली टब ठेवून एकदा वुजू करून पाहा, आपण किती वापरतो ते कळेल. आम्ही मोजले त्या दिवशी लाज वाटली. तेव्हापासून नळाची धार बारीक झाली आणि टबातले पाणी कुंड्यांकडे जाऊ लागले. वुजूत वापरलेले पाणी पाक असते, फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही, असे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत मानले जाते. झाडांना ते बिनदिक्कत घाला. त्यात साबण मात्र नसावा.

तांदूळ धुतलेले पाणीही चालते. मासे-मटण धुतलेले पाणी गॅलरीत नको, त्याने माश्या आणि मुंग्या येतात. मिठाचे पाणी तर मुळीच नको. टँकरचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी महापालिकेच्या नळाचे पाणी रात्रभर भरून ठेवून वापरा.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक दिवस ठरवा. आम्ही जुम्म्याची सकाळ ठरवली आहे. त्या दिवशी सगळ्या ताटल्या रिकाम्या करून घासायच्या.

ठिपके पाहून घाबरू नका

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की पुष्कळ जणी ते रोग समजून खरवडतात किंवा पान कापतात. ठिपके रांगेत, सारख्या अंतराने असतील तर ते बीजाणू आहेत, म्हणजे झाड सुदृढ आहे. ठिपके कसेही विखुरलेले असतील, नखाने निघत असतील आणि पान चिकट लागत असेल, तर ती खवले कीड समजा. ओल्या फडक्याने पुसून काढा. तीव्र औषधांच्या फवाऱ्याने फर्नची कोवळी पाने करपतात.

खत जून ते ऑक्टोबरपर्यंत महिन्यातून एकदा, तेही पातळ करून. साखर-दूध नसलेली, धुतलेली चहापत्ती थोडी मातीत मिसळली तरी चालते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट जंगलाची. सहलीला गेल्यावर दरडीवरचा हंसराज मुळासकट उपटून आणण्याचा मोह होतो. राष्ट्रीय उद्यानातून झाड आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. शिवाय असे उपटलेले रोप घरी सहसा जगत नाही. नर्सरीतून घ्या किंवा शेजारणीकडून मागा.

दुसरी गोष्ट जोशांद्याची. युनानी जोशांद्यात ‘परसियावशां’ असते, ते हंसराजच्याच कुळातले. अरबीत त्याला ‘विहिरीची कोथिंबीर’ या अर्थाचे नाव आहे. पण म्हणून कुंडीतला फर्न उकळून पिऊ नका. नर्सरीतले झाड नेमके तेच असेल असे नाही, त्यावर औषधही मारलेले असते. सर्दी-खोकल्याला हकीमांनाच विचारा, आणि गरोदर बाईने तर हा प्रयोग अजिबात करू नये.

फर्नने घरातली हवा शुद्ध होते असेही सांगितले जाते. ते निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या बंद पेट्यांमधले आहेत. खऱ्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही इतकी झाडे लागतील. फर्न लावा तो डोळ्यांच्या थंडाव्यासाठी.

सावलीची नियामत

सूरह वाकिआमध्ये जन्नतचे वर्णन येते. तिथल्या नियामतींमध्ये दूरवर पसरलेल्या सावलीचा उल्लेख आहे. आपण मात्र सावली आली म्हणून कुंड्या आवरून ठेवल्या होत्या.

आता आमच्या गॅलरीत नऊ कुंड्या आहेत. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की अम्मी भरलेली कुंडी पालथी करतात, गड्डा सुरीने दोन-तीन भागांत कापतात, प्रत्येक भागाला मुळे आणि कोंब आहेत ना ते पाहतात आणि नव्या मातीत लावतात. एक भाग घरात राहतो, बाकीचे शेजारी जातात. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची नवी सून आली आणि म्हणाली, “अम्मी, आमच्याकडे ऊन येत नाही, काही जगेल का?”

अम्मींनी तिच्या हातात कुंडी ठेवली. “ऊन नाही ना, मग हाच ने,” त्या म्हणाल्या. “आणि रिकाम्या कुंड्या असतील तर फेकू नकोस.”