परभणीचा रस्ता आणि आशियाई महामार्ग

परभणी शहरातून जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग परभणीकरास ‘पाथरी रोड’ व ‘वसमत रोड’ याच नावांनी ठाऊक असतो. या रस्त्याने निघून इस्तंबूल गाठता येईल असे कोणी म्हटल्यास ऐकणारा हसेल. परंतु नकाशा पुढे घेतला म्हणजे ती कल्पना अगदीच वेडगळ वाटत नाही.

हा रस्ता पश्चिमेस मानवत, पाथरी, अहिल्यानगर व माळशेज घाट यांवरून कल्याण-भिवंडीकडे जातो, आणि पूर्वेस वसमत, नांदेड, भोकर यांवरून तेलंगणातील निर्मल येथे पोहोचतो. दोन्हीकडे त्यास आशियाई महामार्ग भेटतात. भिवंडीजवळचा तो ग्वाल्हेरहून धुळे-ठाण्यावरून बंगळूरास जाणारा ४७ वा. निर्मलजवळचा तो आग्र्याहून नागपूर, हैदराबाद, मदुराईवरून धनुष्कोडीस व पुढे श्रीलंकेत मातारापर्यंत नेमलेला ४३ वा. आग्र्यास हा मार्ग पहिल्या क्रमांकाच्या महामार्गास मिळतो. तो पहिला महामार्ग टोकियोपासून इस्तंबूलवरून बल्गेरियाच्या सीमेपर्यंत, वीस हजारांहून अधिक किलोमीटर लांबीचा आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाने ही योजना १९५९ साली हाती घेतली. तत्संबंधीचा करार २००५ च्या जुलैत अमलात आला. या करारान्वये कोणी नवा अखंड रस्ता बांधावयाचा नव्हता. आपापल्या हद्दीतील रस्त्यांतूनच निवड करून राष्ट्रांनी त्यांस समान क्रमांक दिले आणि रुंदी, वळणे, पूल यांची किमान मापे ठरविली. माणसास अगर मालास सीमा ओलांडू देण्याचे वचन मात्र त्यात नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

समजा, परभणीचे एखादे गृहस्थ स्वतःच्या मोटारीने इराणास निघाले. त्यांना देशोदेशीचे प्रवेशपरवाने हवेत, हे उघड आहे. पण मोटारीसही एक पारपत्र लागते. त्यास ‘कार्ने’ म्हणतात. गाडी परदेशी विकली न जाता परत येईल, याची ती हमी असून तिच्यासाठी बरीच रक्कम अडकवावी लागते. एवढे जमवूनही अटारीस थबकणे आलेच. तेथील तपासणी नाका बंद करण्याचा निर्णय भारत सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केला. दक्षिणेस धनुष्कोडीपुढे तर रस्ताच नाही. १९६४ च्या डिसेंबरातील वादळाने ते गाव उद्ध्वस्त झाले, आणि श्रीलंकेकडे जाणारी नकाशावरील रेघ तेथून पाण्यावरूनच जाते.

पैठण व तेर येथील माल गाड्यांवर घालून भडोच बंदरास नेत, असा उल्लेख पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. मानवतच्या कापसाच्या गाठींनाही परदेशी जावयाचे झाल्यास माळशेज उतरून बंदराचीच वाट धरणे सोयीचे पडते.