चार ते चार: गोहलपुरातला एक कामाचा दिवस

पहाटे ४

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ‘वेळेच्या वापरा’च्या सर्वेक्षणात दिवस पहाटे चारला उजाडतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ चौकोन करायचे आणि घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचं त्या-त्या वेळचं काम त्यांत नोंदवायचं, अशी ही पद्धत. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत तिची चाचणी झाली, त्यांत मध्य प्रदेश होता. पुढे २०१९ आणि २०२४ मध्ये हे सर्वेक्षण देशभर झालं.

तोच तक्ता घेऊन मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या गोहलपुरात एक दिवस काढू या. ही दाट कष्टकरी वस्ती. इथे घराघरांत विड्या वळल्या जातात, जबलपूरच्या नावाजलेल्या सलवार-सूटांची शिलाई चालते. तयार कपड्यांचं क्लस्टरही इथल्याच लेमा गार्डनला उभं राहिलं. पुढे येणारी सासू आणि सून म्हणजे कुणी ठरावीक दोघी नव्हेत. अशा वस्तीतला कामाचा दिवस उलगडून दाखवण्यासाठी त्या कल्पिल्या आहेत. सासू विड्या वळते, सून नगावर शिलाईचं काम करते.

सकाळी ५:३०

नळाला पाणी यायच्या आत सून उठलेली असते. पाणी भरायचं, भांडी, झाडलोट, चहा, मुलांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या. उठल्यानंतरचे पहिले चार-पाच चौकोन यातच भरतात. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणारा पुरुष चारांतला साधारण एकच. कमाईसाठी तिच्याकडे जो दिवस उरतो, तो हे पावणेपाच-पाच तास वजा जाऊन उरतो. कारखान्यातली आठ तासांची नोकरी तिला का जमत नाही, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

सकाळी ८

सासू रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं सोडते. फरम्यावर धरून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजारामागे ठरते आणि हजार विड्या पुऱ्या व्हायला सराईत हातालाही जवळजवळ अख्खा दिवस लागतो. सट्टेदाराने, म्हणजे विड्यांच्या ठेकेदाराने, दिलेली पानं किडकी, फाटकी निघाली तरी भरायच्या विड्या तेवढ्याच राहतात.

शाळेला निघण्याआधी नात आजीशेजारी बसून थोड्या विड्यांची तोंडं मुडपून देते. हजारीचे पैसे आजीच्या नावावर जमा होतात, त्यात नातीचे हात दिसत नाहीत. वेळेच्या तक्त्यात मात्र नातीचा स्वतंत्र रकाना आहे. तो नीट भरला, तर एका कुटुंबाच्या मजुरीत किती जणींचा वेळ गेला हे कळेल.

सकाळी १०

सुनेच्या पुढ्यात कापलेल्या सूटांचा गठ्ठा. मशीन खिडकीपाशी, कारण उजेड तिथेच. एका हाताने कापड सरकवताना तिचं लक्ष शेगडीवरच्या डाळीकडे असतं आणि पाय पाळण्याच्या दोरीला. या अर्ध्या तासाला कोणतं नाव द्यायचं? अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं झाली तर तीही नोंदवण्याची सोय सर्वेक्षणात आहे, पण त्यासाठी विचारणाऱ्याने थांबून ‘त्याच वेळी आणखी काय करत होता?’ असं विचारावं लागतं. बाई आपणहून हे सांगत नाही, कारण मूल सांभाळणं तिला वेगळं काम वाटतच नाही. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायकांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ७४, असं २०२४ चे आकडे सांगतात.

दुपारी १२

माहिती विचारणारा माणूस दाराशी येतो तो साधारण याच वेळेला. समजा, श्रमबल सर्वेक्षणाचा कार्यकर्ता आला. तो सुनेला विचारतो, काय काम करता? ती म्हणते, “कुछ नहीं, घर पर ही रहती हूँ.” त्या उत्तरावर तो निघून गेला, तर ती ९२ या संकेतांकात जाते: फक्त घरकाम करणारी. मशीन पाहून त्याने ‘शिवणकाम’ लिहिलं, पण ते घरच्यांसाठी आहे असं धरलं, तर ती ९३ मध्ये जाते. दोन्हीकडे ती कामगार ठरत नाही. त्याने एवढंच आणखी विचारावं, “हे कुणासाठी शिवता, आणि पैसे कोण देतं?” की तीच बाई देशाच्या श्रमशक्तीत येते. मशीन तेच असतं, गठ्ठाही तोच. एका प्रश्नाने तिची जागा बदलते.

बायकांचं काम असं मोजणीतून निसटणं नवं नाही. १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत बसून बायकांच्या तासातासाची नोंद केली, तेव्हा सरकारी मोजणीत काम न करणाऱ्या ठरलेल्या कितीतरी जणी प्रत्यक्षात राबत असल्याचं दिसलं. श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर पोचला. वाढ मोठी आहे, पण तिच्यात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. बाई कामात मोजली गेली, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. तिच्या हातात काय पडलं, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

दुपारी ३

जेवणं आटोपून सून ‘लाडली बहना’चे पैसे काढायला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर जाते. मध्य प्रदेश सरकारच्या या योजनेचा पहिला १००० रुपयांचा हप्ता १० जून २०२३ रोजी जबलपुरातूनच सोडला गेला होता. वर्षभराने महाराष्ट्रातही ‘लाडकी बहीण’ आली. या पैशाने बायकांच्या खात्यांत हालचाल आली, ही चांगलीच गोष्ट आहे. खाती तर या योजनांच्या आधीच वाढली होती: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ७८.६ टक्के बायकांनी स्वतः वापरत असलेलं बँक खातं असल्याचं सांगितलं. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होतं.

इथेही पुढचा प्रश्न हवा. काढलेल्या रकमेचं काय करायचं, हे कोण ठरवतं? सून त्यातून मुलीची फी भरू शकते का? माहेरी आजारी असलेल्या आईला पाठवू शकते का? खात्यात पैसे आल्याची नोंद बँक ठेवते. त्या पैशावर तिचा किती शब्द चालतो, हे तिलाच विचारावं लागतं, आणि तेही सासू-नवरा समोर बसलेले नसताना.

संध्याकाळी ५

सासू विड्यांचे कट्टे घेऊन सट्टेदाराकडे निघते. तिथे निवड होते, काही विड्या छाटल्या जातात, उरलेल्यांचा हिशेब वहीत चढतो. सुनेचा गठ्ठा ठेकेदाराचा माणूस घेऊन जातो; तिचा हिशेब त्याच्या तोंडी.

या दोघींत एक मोठा फरक आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानलं. त्यामुळे पुढे ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, घरकुल यांवर तिला हक्क सांगता आला. सगळ्यांना तो मिळाला नाही, पण भांडायला कागद मिळाला. त्या कागदाचं काय होऊ शकतं, हे सोलापूरने दाखवलं. कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या विडी कामगार बायका वर्षानुवर्षं लढल्या आणि कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्या कामगार म्हणून नोंदल्या गेल्या होत्या, म्हणून घरासाठी उभ्या राहू शकल्या. नगावर सूट शिवणाऱ्या सुनेजवळ असा कागद नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही.

रात्री ८

पुन्हा चूल. पोळ्या गरम हव्यात म्हणून बायकांची पंगत शेवटी. उरेल ते आणि उरेल तेवढं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. बाईच्या सुस्थितीचा हिशेब रुपयांत मांडताना हा आकडा त्याच पानावर हवा. मजुरी वाढली, पण ती मिळवताना झोप आणि जेवण तुटलं, तर तिचं भलं झालं असं कसं म्हणायचं?

रात्री १०:३०

सासू उद्याची पानं भिजवते. सून गणवेशाला बटण लावते. दिवसभरात पहिल्यांदाच कुणी हाक मारत नाही. तक्त्यात विरंगुळ्याचा चौकोन आहे, तो सासऱ्यांचा भरला, मुलाचाही भरला. या दोघींचा अजून रिकामाच आहे.

माझ्या मते बाईची स्थिती जोखायची खरी जागा हाच चौकोन आहे. उत्पन्न, खातं, शिक्षण हे सगळं मोजावंच. पण त्याच्या जोडीला प्रत्येक वस्तीत तीन गोष्टी विचाराव्यात. स्वतःसाठी सलग अर्धा तास किती वेळा मिळाला? पैशाचा शेवटचा निर्णय कुणाचा? आणि घर, खातं, ओळखपत्र यांपैकी कशावर तुमचं नाव आहे?

आज वेळेच्या वापराचे आकडे देशाच्या आणि राज्याच्या पातळीवर मिळतात, गोहलपूरचे म्हणून वेगळे मिळत नाहीत. ते वॉर्डाच्या पातळीवर हवेत. मग नळाची वेळ महापालिकेला बदलता येईल, अंगणवाडीसोबत दिवसभराचं पाळणाघर मागता येईल, ठेकेदाराच्या तोंडी हिशेबाच्या जागी नगांची नोंदवही सक्तीची करता येईल. आणि भरलेला तक्ता घरातल्या पुरुषांसमोरही ठेवावा. २८९ आणि ८८ या दोन आकड्यांतलं अंतर कमी करायला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. त्यातलं निम्मं काम उद्या सकाळीच, पाणी भरण्यापासून, सुरू करता येतं.