पर्जन्यछायेतून पावसाच्या समुद्राकडे

इंदापूर तालुक्यात वर्षभरात मिळून जेवढा पाऊस होतो, जवळपास तेवढा अलास्कातल्या केचिकन बंदरात एकट्या ऑक्टोबर महिन्यात पडतो. इंदापूरची वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, केचिकनची साडेतीन हजारांच्या वर. अलास्काच्या बहुतेक क्रूझ केचिकनला थांबतात. नॉर्वेच्या किनाऱ्याची सफर ज्या बर्गेनहून सुरू होते, तिथेही वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पावसाचे असतात.

भिगवण, पळसदेव, बारामती या पट्ट्यातली मुलं शिकून परदेशी नोकरीला लागली, आणि आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊ लागले. सिएटलला गेलेल्या आईवडिलांना मुलगा हौसेनं सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर नेतो, कारण जहाज तिथूनच सुटतं. मराठी पर्यटन कंपन्याही नॉर्वे आणि अलास्काच्या सहली काढतात. बॅग भरताना घरात सगळ्यांचं लक्ष थंडीकडे असतं. जाड स्वेटर, कानटोपी, शाल हे सगळं आत जातं. पाऊस मात्र कुणाच्या फारसा मनात येत नाही, आणि नेमका तोच तिकडे रोज भेटतो.

असं होण्यामागे भूगोल आहे. पळसदेवला पाण्याचं नवल नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगतचं हे गाव उजनीच्या फुगवट्यावर वसलं आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, वस्ती वर सरकली. पळसनाथाचं प्राचीन मंदिरही पाण्यात गेलं. एखाद्या वर्षी धरण खोल मायनसमध्ये गेलं की ते उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. पण यशवंतसागर या उजनीच्या जलाशयातलं हे पाणी मुख्यतः इथल्या पावसाचं नाही. लोणावळ्याच्या आणि भीमाशंकरच्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, घोड आणि भीमेतून वाहत इथे येतो. म्हणून जुलैत इथला शेतकरी आभाळाइतकाच दौंडच्या विसर्गाचा आकडा बघतो. त्याचा स्वतःचा पाऊस म्हणजे मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबरातला परतीचा पाऊस. तो तास-दोन तास झोडपतो आणि उघडतो. दिवसभर न थांबता, आवाज न करता भिजवणारी झड कोकणातल्या माणसाला ठाऊक असते. इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला ती फार कमी वेळा भेटते.

उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर हीच झड असते आणि तिचं कारण सह्याद्रीइतकंच सोपं आहे. समुद्रावरून येणारे ओले पश्चिमी वारे किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकतात, वर चढताना थंड होतात आणि पाणी सोडतात. महाबळेश्वर ओलंचिंब होतं आणि इंदापूर कोरडं राहतं, तसंच तिथेही घडतं. बर्गेन भिजत असतं, तेव्हा डोंगररांगांपलीकडच्या श्योक या खोऱ्यात वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस होतो. तिथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं डोंगरातून पाट काढून शेती भिजवली आहे. अलास्कात केचिकनच्या उत्तरेला असलेलं स्कॅगवे हे बंदरही असंच आडोशाला आहे. त्यामुळे एकाच क्रूझवर सोमवारी चिंब आणि बुधवारी कोरडं असं होऊ शकतं.

महिना निवडता येत असेल तर आधी त्याचा विचार करावा. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे असतात. जुलैनंतर पाऊस वाढत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याकडची कुटुंबं मे महिन्यात निघतात, ते या बाबतीत सोयीचंच ठरतं. याच वेळी आणखी एक गोष्ट तपासावी. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून निघून तिथेच परतायचं असेल, तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिएटलची जहाजं कॅनडात व्हिक्टोरियासारख्या बंदराला थांबतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाच्या व्हिसाचंही आधीच बघून ठेवावं.

आता थंडीकडे वळू. आकड्यांवर गेलं तर ती भीती वाटावी अशी नाही. उन्हाळ्यात या किनाऱ्यांवर दुपारी पंधरा-अठरा अंश असतात, हिमनदीजवळ पाच ते दहा. बारामतीकरांनी डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंश पाहिलेले असतात. तरीही तिथली थंडी जास्त बोचते, कारण तिच्याबरोबर ओल आणि वारा असतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगावर असेल तर शरीराची ऊब झपाट्यानं बाहेर जाते. वाऱ्याचा हिशेबही मांडता येतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार, पाच अंश तापमानात ताशी ३७ किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ती हवा शून्याच्या किंचित खालची वाटते. ताशी ३७ किलोमीटर म्हणजे वीस नॉट, क्रूझच्या जहाजाचा नेहमीचा वेग. बाहेर झाडाचं पानही हलत नसलं तरी धावत्या जहाजाच्या डेकवर एवढा वारा असतोच.

यावरचा उपाय याच मातीतल्या माणसांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. बारामती-इंदापूरच्या माळांवर मेंढ्या राखणारा धनगर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन पावसात उभा राहतो. घोंगडी जड होते, पण आतली ऊब बरीचशी टिकते. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश बाष्प पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही, आणि त्याच्या कुरळेपणामुळे मध्ये हवा अडकून राहते. ही अडकलेली हवाच अंग गरम ठेवते. सुती कपड्याचं उलटं आहे. तो पाणी पिऊन अंगाला चिकटतो, आतली हवा निघून जाते आणि तो लवकर वाळतही नाही. आपल्या उन्हाळ्यात सुतासारखं सुख नाही. उत्तरेच्या डेकवर मात्र सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स या तिन्ही गोष्टी त्रास देतात. भिजलेली जीन्स केबिनमध्ये दुसऱ्या दिवशीही ओलसरच असते.

म्हणून कपडे थरांनी घालायचे. अंगाला लागून मऊ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, जे घाम बाहेर ओढतं. त्यावर फ्लीस किंवा घरचा लोकरी स्वेटर. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. एकच जाडजूड कोट घेतला तर जहाजात शिरताच घाम फुटतो, कारण आत वीस-बावीस अंश असतात. थर असले की एक काढता येतो, एक चढवता येतो.

वरच्या जाकिटावर खर्च करणं योग्य ठरतं. दुचाकीवर वापरायचा प्लास्टिकचा रेनसूट पाऊस अडवतो, पण अंगाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. अर्धा तास चाललं की माणूस आतून भिजतो आणि उभा राहिला की कुडकुडतो. श्वास घेणाऱ्या कापडाची गोष्ट १९६९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही इतकी ती बारीक आहेत, पण वाफेचे रेणू त्यातून सहज निघून जातात. गोर-टेक्स आणि त्या धर्तीची इतर कापडं याच तत्त्वावर चालतात. दुकानात जाकीट उलटं करून शिवणी बघाव्यात. शिवणीवरून आतल्या बाजूनं पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून आत येतं. टोपी घट्ट ओढता यायला हवी, आणि माप स्वेटरसकट घालून घ्यावं. छत्री बंदरातल्या गल्लीत चालेल, डेकवर ती उलटी होते आणि शेजारच्याच्या डोळ्याला धोका होतो.

साडी नेसणाऱ्या आजींनी सवय सोडायची गरज नाही. सुतीऐवजी हलकी सिंथेटिक साडी, आत थर्मल लेगिंग आणि वर गुडघ्याखाली येणारा रेनकोट असला की निभतं. निऱ्या मात्र घोट्याच्या वर हव्यात, कारण ओल्या लोखंडी जिन्यावर काठ पायात आला तर पडण्याची भीती असते. चपला आणि जाळीचे स्पोर्ट शूज बॅगेच्या तळाशी राहू द्यावेत. पाणी न शिरणारे, तळाला खाचा असलेले बूट चार आठवडे आधी घेऊन घरीच वापरायला लागावं. मोजे लोकरीचे, आणि जास्तीचे दोन जोड. बूट ओले झालेच तर वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबावेत.

या सगळ्याची चाचणी घ्यायला लांब जावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रोहित पाहण्यासाठी कुंभारगाव-भिगवणला पहाटे होड्या सुटतात. तिथे सूर्य वर येण्याआधी तासभर पाण्यावर बसलं की कोणत्या बाहीतून वारा शिरतो, हातमोजे घालून दुर्बीण फिरवता येते का आणि कानटोपीवर जाकिटाची टोपी बसते का, हे कळून जातं. दुर्बीण आणि कॅमेरा गरम केबिनमधून एकदम थंडीत नेले, की परत आत आणताना काचेवर बाष्प साचतं. आत येण्यापूर्वी ते झिपच्या पिशवीत बंद करावेत आणि अर्ध्या तासानं उघडावेत.

पावसामुळे सहल वाया गेली, असं मानणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. हिमनदीच्या बर्फाची निळाई कडक उन्हापेक्षा ढगाळ प्रकाशात अधिक गडद दिसते. आणि युनेस्कोनं २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या गायरांगर फ्योर्डमध्ये पावसाच्या दिवशी काळ्या कड्यांवरून असंख्य धबधबे उतरतात. कोरड्या दिवशी त्यातले कितीतरी नसतातच. माळशेज किंवा ताम्हिणी घाट ज्यानं जुलैत पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. डेकवर उभं राहता येण्याइतके कपडे अंगावर असले की झालं. काचेआड बसून राहणाऱ्याला त्यातलं फार थोडं मिळतं.

जहाज लागण्याची भीती अलास्कात थोडी कमी, कारण बराचसा मार्ग बेटांच्या आडोशानं जातो. नॉर्वेत खुल्या समुद्राचे टप्पे आहेत. आलेपाक जवळ असावा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी घ्यावी, कारण नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना सुरक्षा कवायतीला बोलावतात. अनेक जण ती कंटाळवाणी समजून टाळू पाहतात. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर दोन वर्षांनी समुद्रसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं, तेव्हा नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं. उत्तरेच्या पाण्याचं तापमान उन्हाळ्यातही बहुधा पंधरा अंशांच्या खाली असतं. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी आपोआप मोठा श्वास घ्यावा लागतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. आपलं लाइफ जॅकेट कुठे आहे आणि जमायची जागा कोणती, हे घरातल्या प्रत्येकानं, लहानांनीसुद्धा, स्वतः जाऊन पाहून यावं.

उजनीच्या काठावर तर हे सांगायला परदेशी उदाहरण लागत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. पाणी थंड नव्हतं, अंतरही फार नव्हतं. वाऱ्याचा अंदाज आता मोबाइलवर तासातासाचा मिळतो. भारतीय हवामान विभागाचे इशारे असतात आणि नॉर्वेच्या हवामान संस्थेची ‘यर’ ही मोफत सेवा बर्गेनइतक्याच सहजतेनं पळसदेवचाही अंदाज दाखवते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेला आभाळ भरून आलं असेल, तर होडी काठालाच ठेवायची. एरवीही जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाही, आणि मुलांना त्यांच्याच मापाचं मागून घ्यायचं.