आकाशातला तेलाचा हिशेब

जालन्याच्या एमआयडीसीत किंवा मोंढ्याजवळच्या एखाद्या गॅरेजात मेकॅनिक म्हणाला, ‘गाडी ऑइल खातेय’, की मालकाचा चेहरा उतरतो. रिंगा गेल्या असतील, बोअर झिजलं असेल, इंजिन उघडावं लागणार. ट्रॅक्टर असो, जनरेटर असो की बोअरवेलची गाडी, धडधाकट इंजिनानं ऑइल जपायचं असतं. पण इंजिनांचं एक घराणं असं आहे की त्यानं ऑइल खाल्लं नाही तरच धास्ती घ्यावी. ते घराणं रोटरी इंजिनांचं. त्याच्या दोन शाखा आहेत. एकीत सिलिंडर फिरतात, दुसरीत सिलिंडरच नसतात. बांधणी इतकी वेगळी असूनही दोन्ही शाखांनी विमानं उडवली, आणि दोन्हींवर बसलेल्या वैमानिकाला इंधनाइतकीच चिंता तेलाची करावी लागली.

जुनी शाखा फ्रान्समधली. सेगँ बंधूंचं ‘नोम’ इंजिन १९०९ पासून विमानांवर दिसू लागलं. त्याचा क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला, आणि त्याच्याभोवती सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरत. त्या फिरण्यामुळेच ते थंड राहत, म्हणून पाणी नको आणि रेडिएटरही नको. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जाई. अडचण तिथेच होती, कारण पेट्रोलनं साधं खनिज तेल धुऊन नेलं असतं. म्हणून एरंडेल आलं. त्यातला बहुतांश भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूत एक जादा हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे एरंडेल दाट असतं, धातूला धरून राहतं आणि पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही.

इंजिनात गेलेलं हे तेल परत येत नसे. काम झालं की ते धुरासोबत बाहेर पडे. तासाला कित्येक लिटर एरंडेल उडे, आणि त्यातलं बरंचसं वैमानिकाच्या चष्म्यावर, गळपट्ट्यावर आणि पोटात जाई. पोटात गेल्यावर काय होत असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. हरदित सिंग मलिक हे पहिल्या महायुद्धात ‘सॉपविथ कॅमल’ उडवणारे भारतीय वैमानिक. त्यांना याच एरंडेलाची ॲलर्जी झाली आणि त्यांना दुसऱ्या जातीच्या विमानावर पाठवावं लागलं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये युद्धात मरण पावले. त्यांच्या ‘सॉपविथ डॉल्फिन’चं इंजिन मात्र पाण्यानं थंड होणारं, स्थिर सिलिंडरचं होतं.

त्या काळी तेलावर नजर कशी ठेवत, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर यांत्रिक उत्तर वाटतं. वैमानिकासमोर काचेची एक छोटी घुमटी असे. पंपाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिच्यातलं तेल वर चढे आणि खाली उतरे. काचेतली नाडी चालू म्हणजे तेल जातंय. ठोके मोजले तर इंजिनाच्या फेऱ्यांचाही अंदाज येई. मात्र टाकीत किती उरलंय हे त्या काचेतून कळत नसे. ते ठरवायचं घड्याळावरून: पेट्रोल जितका वेळ पुरेल त्याहून जास्त वेळ तेल पुरलं पाहिजे, एवढा साधा आणि कडक नियम.

एरंड आपल्याला परका नाही. जालना जिल्ह्याच्या कपाशीत कडेनं एरंड लावण्याचा सल्ला आजही कृषी विभाग देतो, कारण पानं खाणारी अळी आधी त्याच्यावर जाते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होतं आणि हैदराबाद संस्थान एरंडीच्या मोठ्या उत्पादक प्रदेशांपैकी एक होतं. विमानं वाढली तशी एरंडेलाची मागणी एवढी वाढली की अमेरिकेनं आशियातून बियाणं नेऊन आपल्याकडे मुद्दाम लागवड करवली. त्याच युद्धात निजाम उस्मान अली खान यांच्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी उभी राहिली आणि तिला हैदराबादचं नाव मिळालं. तिची ‘डीएच-९ए’ विमानं मात्र पाण्यानं थंड होणाऱ्या ‘लिबर्टी’ इंजिनाची होती. फिरत्या सिलिंडरांचे दिवस तेव्हाच भरत आले होते.

दुसरी शाखा जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांची. त्यांचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये चाललं. माझ्दा कंपनीनं १९६७ च्या ‘कॉस्मो’ गाडीपासून त्याला घरोघरी नेलं आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या गाडीनं ल मांची शर्यत जिंकली. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो, आणि रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील नावाच्या पट्ट्या असतात. त्या पोकळीच्या भिंतीवर सतत घासत राहतात, आणि घासणाऱ्या पट्टीला तेल हवंच. म्हणून मीटरिंग पंप थेंबाथेंबानं ज्वलनाच्या जागेत तेल सोडतो आणि ते जळून जातं. याचा अर्थ हे इंजिन ऑइल खातं ते रचनेनुसार खातं, बिघाडानं नव्हे.

या वँकेल इंजिनावर मोलाचं काम आपल्या राज्यातही झालं आहे. अहिल्यानगरची डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे गाठता येते. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं देशी वँकेल इंजिन घडलं ते बंगळुरूची एनएएल (राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा), तिथलीच एडीई (डीआरडीओची मानवरहित विमानांची संस्था) आणि नगरची व्हीआरडीई या तिघांच्या कामातून. गाभा आणि पोकळीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप एनएएलनं केला. इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा व्हीआरडीईची. इंजिनाचं वजन सुमारे ३० किलो. एप्रिल २००९ मध्ये कोलारच्या धावपट्टीवरून ते प्रथम उडालं. रणगाडे आणि ट्रक तपासणाऱ्या नगरच्या या संस्थेचं नाव आकाशातल्या इंजिनाशीही जोडलेलं आहे, हे मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आता घरी बांधलेल्या विमानांकडे येऊ. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ च्या मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. ते विमान रोटरीवर चालत नाही. पण घरच्या बांधणीची मुख्य जबाबदारी त्यातून नेमकी दिसते. कारखान्याच्या विमानात तेलाची पट्टी कुणीतरी आधीच मोजून, खुणा करून दिलेली असते. घरी बांधणाऱ्याला ती खूण स्वतः करावी लागते.

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी माझ्दाचं १३०८ सीसीचं ‘१३बी’ इंजिन विमानात बसवलं. फिरणारे भाग थोडे आणि आकार लहान, हे त्याचं आकर्षण. गाडीतून काढून विमानात घातल्यावर मात्र तेलाचं गणितच बदलतं. पहिली गोष्ट, उष्णता. या इंजिनाचा रोटर आतून तेलानंच थंड होतो. बाहेर काढायच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश वाटा तेल वाहून नेतं, त्यामुळे तेल कमी होणं म्हणजे इंजिनाचं अर्धं पाणी जाण्यासारखंच. दुसरी, कल. मागे चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून उभं असतं. गाडीच्या पट्टीवरची ‘फुल’ची खूण तिथे खोटी ठरते. म्हणून रिकाम्या संपात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलकुंडात, अर्धा-अर्धा लिटर मोजून ओतायचं आणि प्रत्येक ओतीला पट्टीवर नवी खूण करायची. विमान उभं असतानाची एक खूण, शेपटी उचलून उड्डाणाच्या कलात ठेवल्यावर दुसरी. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. तिसरी, नळ्या आणि कूलर. इंजिन बंद झाल्यावर त्यांतलं तेल हळूहळू संपात उतरतं, म्हणून बंद केल्याबरोबर घेतलेलं माप आणि सकाळी घेतलेलं माप जुळत नाही. रोज एकाच वेळी, एकाच कलात मोजलं तरच आकड्यांना अर्थ राहतो.

अनेकांचा भरवसा प्रेशर गेजवर असतो. तो मला धोकादायक वाटतो. संपातली नळी तेलात बुडलेली असेतो दाब छान दिसतो. तेल घटत घटत नळीच्या तोंडापाशी आलं आणि तीव्र चढाईत ते मागे सरकलं, की पंप हवा ओढतो आणि काटा एकदम पडतो. म्हणजे गेज बोलतो तो फार उशिरा. हवेतही पातळी कळायची तर संपात तरंगता किंवा विद्युतधारितेवर चालणारा संवेदक लागतो. हिंदकळणाऱ्या तेलानं दिवा लुकलुकू नये म्हणून सूचना काही सेकंद रोखणारं सर्किटही त्यासोबत लागतं. असं सर्किट पॉलिटेक्निकची मुलं बांधू शकतात.

काही जण मीटरिंग पंपच काढून टाकतात आणि टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये मिसळतात. मग हिशेब उलटतो. संपातलं तेल आता जळणारच नाही, म्हणून पातळी जवळपास स्थिर राहायला हवी. ती घटली तर गळती शोधा: कूलरची जोडणी, रबरी रिंग, रोटरच्या बाजूची तेल अडवणारी रिंग. आणि दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर पेट्रोल भरताना तेल मिसळायला विसरलं, तर सील कोरड्या घासतील, आणि संपाची पट्टी त्याबद्दल काहीच सांगणार नाही.

पंप ठेवणाऱ्यानं वहीत प्रत्येक उड्डाणाचे तास आणि ओतलेलं तेल लिहावं. काही उड्डाणांत त्या इंजिनाचा ताशी खर्च ठरून जातो. तो वाढला तर तपासा, आणि अचानक कमी झाला तर जास्त काळजीनं तपासा, कारण पंपाची तार निसटली किंवा नळी तुंबली असू शकते. पातळी वाढलेली दिसली तर इंजिन सुरूच करू नका. तेलाला पेट्रोलचा वास येतो का ते पाहा, कारण सीलजवळून निसटलेलं पेट्रोल संपात उतरतं आणि तेल पातळ करतं. तेल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी शिरलं आहे.